‘उधळली’: नौरूच्या पानावरचे एक क्रियापद

१/
एकवीस चौरस किलोमीटरचा देश. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, प्रशांत महासागरात एकटा. सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे बानाबा नावाचे बेट, तेही सुमारे तीनशे किलोमीटर दूर. लोकसंख्या अकरा-बारा हजार, आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढी. जग त्याला नौरू म्हणते, तिथले लोक नाओएरो. आजचा धागा या देशाच्या इतिहासाचा आहे, आणि तो इतिहास मराठी विकिपीडियाच्या पानावर नीट लिहू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीचाही.

२/
ती इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. एका उन्हाळी सुट्टीत तिने लहान देशांची पाने वाढवायला घेतली. पद्धत ठरलेली होती. इंग्रजी पान उघडायचे, पहिले चार-पाच परिच्छेद मराठीत आणायचे, माहितीचौकटीत राजधानी, चलन, क्षेत्रफळ भरायचे आणि पुढच्या देशाकडे वळायचे. पलाऊ, तुवालू, नौरू. एका संध्याकाळी दोन-दोन देश उरकले जात. ‘उरकले’ हा शब्द तिचाच.

३/
त्या उरकण्यात तिच्या हातून एक वाक्य लिहिले गेले: ‘फॉस्फेटमधून मिळालेली प्रचंड संपत्ती नौरूच्या लोकांनी उधळली आणि देश कंगाल झाला.’

दोन वर्षांनी तेच वाक्य तिला एका मैत्रिणीच्या स्पर्धा परीक्षेच्या झेरॉक्स नोट्समध्ये दिसले. शब्दाला शब्द तेच. मैत्रिणीने ते पाठ केले होते आणि खाली लाल रेघ ओढली होती.

४/
इंग्रजीत नौरूविषयी पुस्तके आहेत, अहवाल आहेत, न्यायालयाचे निकाल आहेत. तिथल्या ज्ञानकोशातले एखादे वाक्य तिरके गेले तरी त्याला खोडणारे दुसरे वाक्य कुठेतरी सापडते. मराठीत तसे नव्हते. तिच्या आसपासच्या वाचकांपुरते नौरूवरचे मराठी वाक्य जवळजवळ ते एकच, आणि ते तिने चहा निवण्याच्या आत लिहिलेले. त्या रात्री ती पानावर परतली.

५/
सुरुवात सोप्या चुकीपासून झाली. माहितीचौकटीत राजधानी म्हणून ‘यारेन’ लिहिले होते. वस्तुतः नौरूला अधिकृत राजधानीच नाही. संसद आणि सरकारी कचेऱ्या यारेन जिल्ह्यात आहेत, म्हणून जगभरच्या याद्या यारेनला राजधानी करून टाकतात. रकाना असला की तो भरावासा वाटतो! तिने तिथे ‘अधिकृत राजधानी नाही’ असे लिहिले. आठच दिवसांत कोणीतरी सद्भावनेने पुन्हा यारेन भरले.

६/
मग इतिहासाचा विभाग. तो १७९८ पासून सुरू होत होता. त्या वर्षी ‘हंटर’ जहाजाचा कप्तान जॉन फर्न याने हे बेट पाहिले आणि त्याला ‘प्लेझंट आयलंड’, म्हणजे रम्य बेट, असे नाव दिले. जणू त्या दिवसापर्यंत बेट रिकामेच होते.

तिथे बारा कुळे नांदत होती. कूळ आईकडून चाले. आजही नौरूच्या झेंड्यावरच्या पांढऱ्या ताऱ्याला बारा टोके आहेत ती याच कुळांची. प्रवाळाच्या कडेला ‘इबिजा’ माशाची पिल्ले पकडून, त्यांना हळूहळू गोड्या पाण्याची सवय लावून, बेटाच्या पोटातल्या बुआदा सरोवरात ती वाढवली जात. भोवती पाणीच पाणी असलेल्या बेटावर मत्स्यशेती करणारे हे लोक. पानावर त्यांना एकही ओळ नव्हती.

७/
पुढची ओळ १८७८ ते १८८८ या दशकाविषयी होती: कुळे आपसांत लढली आणि जर्मनीने येऊन शांतता प्रस्थापित केली. घडले तसेच. लोकसंख्या सुमारे चौदाशेवरून नऊशेवर आली. मात्र भाल्यांनी होणाऱ्या जुन्या चकमकींत एवढी माणसे मरत नसत. लढाई कुळांची होती, बंदुका व्यापारी जहाजांनी आणून विकलेल्या होत्या. तिने बंदुकांचा उगम त्याच वाक्यात आणला. १८८८ मध्ये जर्मनीने बेट आपल्या मार्शल बेटांच्या कारभाराला जोडले.

८/
इथे विकिपीडियाचा एक नियम समजून घ्यायला हवा. प्रत्येक विधानाला छापील, विश्वासार्ह आधार लागतो. स्वतःचे संशोधन चालत नाही, ऐकीव माहिती चालत नाही. आधार नसेल तिथे ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लागते. नियम योग्य आहे. ज्यांनी किल्ल्यांच्या आणि घराण्यांच्या पानांवर चालणारी युद्धे पाहिली आहेत त्यांना तो का हवा हे सांगावे लागणार नाही.

पण नौरूविषयी छापले कोणी?

९/
तिने उतरंड मांडली. पाउल हाम्ब्रुख या जर्मन अभ्यासकाचा पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला निघालेला ग्रंथ. प्रशासनाने राष्ट्रसंघाला पाठवलेले वार्षिक अहवाल. आल्बर्ट एलिस यांचे १९३५ चे ‘ओशन आयलंड अँड नौरू’. नॅन्सी विव्हियानी यांचे १९७० चे राजकीय इतिहासाचे पुस्तक. सगळी कामाची पुस्तके. काही तर उत्तम. पण संशोधक, प्रशासक किंवा खाणवाले यांच्यापैकीच कोणीतरी प्रत्येकाचा लेखक.

१०/
फॉस्फेटच्या ‘शोधा’ची सुप्रसिद्ध कथा घ्या. सिडनीत पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कचेरीत एक दगड दाराला टेकण म्हणून ठेवलेला असे. तो नौरूहून आणलेला होता आणि तो अश्मीभूत लाकडाचा तुकडा आहे असा समज होता. १८९९ मध्ये एलिस यांना शंका आली, त्यांनी तो तपासला, आणि अत्यंत उच्च प्रतीचे फॉस्फेट निघाले.

कथा गोड आहे. तिचे निवेदक स्वतः एलिस. हेच एलिस १९२० पासून बेटावरच्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश फॉस्फेट कमिशनवर न्यूझीलंडचे कमिशनर होते. मालाचा इतिहास माल नेणाऱ्याने लिहिला. म्हणून तो खोटा ठरत नाही. पण कथेत दगड सिडनीत येऊन पडल्यावरच बोलू लागतो.

११/
तिने ‘फॉस्फेटचा शोध लागला’ हे शब्द काढून लिहिले: ‘१८९९ मध्ये सिडनीतील कंपनीला या दगडाचे रासायनिक मोल कळले.’ शोध लागला म्हटले की शोध कोणाला लागला हे विचारायचे राहून जाते. मराठीत अशी कर्ता लपवणारी वाक्यरचना फार सहज होते आणि इतिहासलेखनात ती फार सोयीची पडते. करार झाला. जमीन घेण्यात आली. लोकांना हलवण्यात आले.

१२/
हा दगड काढतात कसा, हे पानावर कुठेच नव्हते. नौरूच्या मधल्या पठारावर, म्हणजे बेटाच्या जवळजवळ पाचातल्या चार भागांवर, प्रवाळाच्या चुनखडीचे सुळके जमिनीत उभे आहेत आणि त्यांच्या फटींत फॉस्फेट भरलेले आहे. आधी झाडे तोडायची, माती खरवडायची, मग फटींतला माल उपसायचा. उरतात ते राखी रंगाचे नागडे सुळके, काही दोन-तीन पुरुष उंच. त्यांच्यावर शेत होत नाही, घर होत नाही, नीट चालताही येत नाही. माणसे किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यावर राहतात आणि देशाचा मधला भाग जखमेसारखा उघडा.

१३/
१९०७ मध्ये माल परदेशी जाऊ लागला. जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी मिळे. खणायला चीनमधून आणि इतर बेटांवरून मजूर आणले गेले.

१९१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने जर्मनांकडून बेट घेतले.

१४/
मग आले १९१९. पानावर ओळ होती: ‘नौरू बेटाविषयी करार झाला.’ करार ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांत झाला. त्यांनी खाणकंपनी पस्तीस लाख पौंडांना विकत घेतली आणि माल ४२, ४२ आणि १६ टक्के असा वाटून घेतला. विक्री उत्पादनखर्चाच्या भावात, म्हणजे जागतिक बाजारापेक्षा स्वस्त. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची गव्हाची शेते आणि कुरणे या खतावर पोसली गेली. राष्ट्रसंघाने बेटाचे पालकत्व त्यांच्याकडे रीतसर सोपवले ते डिसेंबर १९२० मध्ये. वाटणी आधी ठरली, विश्वस्तपण मागाहून आले.

करारावर नौरूच्या एकाही माणसाची सही नाही. तिने तिन्ही सरकारांची नावे वाक्यात घातली आणि कर्मणी प्रयोग काढून टाकला.

१५/
त्याच १९२० मध्ये इन्फ्लुएंझा आला. शंभरातले सुमारे अठरा नौरूवासी गेले. त्यांची संख्या पंधराशेच्या खाली राहिली तर हा समाज टिकणार नाही, असे प्रशासनाने त्यांना सांगितलेले होते. माणसे दिवस मोजू लागली, खरे तर माणसेच मोजू लागली. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी एक मुलगी जन्मली आणि आकडा पंधराशेवर पोहोचला. त्या दिवसाला ‘अंगाम’ म्हणतात. घरी परतणे, असा त्या शब्दाचा भाव. आजही तो राष्ट्रीय सण आहे.

१६/
तो टिकला नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानने बेट घेतले. १९४३ मध्ये सुमारे बाराशे नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर सक्तमजुरीसाठी नेले. बेटावरच्या ३९ कुष्ठरुग्णांना एका होडीत बसवून समुद्रात नेले आणि होडी बुडवली. ट्रुकवर उपासमारीने, रोगाने, बाँबने माणसे मेली. ३१ जानेवारी १९४६ रोजी जहाजातून जे परतले ते ७३७ होते.

पंधराशेचा आकडा पुन्हा गाठायला १९४९ उजाडले. अंगाम दोनदा साजरा झाला.

१७/
हे सगळे जुन्या पानावर दोन ठिकाणी विखुरलेले होते. ‘दुसरे महायुद्ध’ या मथळ्याखाली एक वाक्य, आणि ‘सार्वजनिक सुट्ट्या’ या यादीत ‘२६ ऑक्टोबर, अंगाम दिन’. माहिती पूर्ण होती असेही म्हणता आले असते. तिने सुट्टीला यादीतून उचलून इतिहासात आणून बसवले. या कामाला तिला पाच मिनिटे लागली, आणि तिच्या मते संपूर्ण पानावरची तिची सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती तीच.

१८/
एक छायाचित्र हवे होते. विकिपीडियावर स्वामित्वहक्कापासून मुक्त असलेलीच चित्रे चालतात. जे चटकन मिळते ते १९४३ चे, अमेरिकी विमानातून काढलेले: खाली धावपट्टी, बाँबचे धुराचे लोट, कडेला फेसाळ किनारा. अमेरिकी सरकारी छायाचित्रे सर्वांना खुली असतात म्हणून ते सर्वत्र दिसते. नौरूचे जगापुढचे एक रूप असे बाँब टाकणाऱ्याच्या उंचीवरून दिसलेले. तिने ते ठेवले. खाली मात्र लिहिले की छायाचित्र काढले गेले त्या वर्षीच बेटावरची बहुतेक माणसे ट्रुकला नेली गेली.

१९/
युद्धानंतर खाणी पुन्हा सुरू झाल्या, पालकत्व आता संयुक्त राष्ट्रांच्या नावे. फॉस्फेट संपल्यावर लोकांनी राहायचे कुठे, असा प्रश्न निघाला तेव्हा ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलँडजवळचे कर्टिस बेट देऊ केले. १९६४ मध्ये नौरूने नकार दिला. पानावर एवढेच होते, आणि वाचणाऱ्याला हे लोक हटवादी वाटावेत अशी सोय होती. ऑस्ट्रेलिया नागरिकत्व द्यायला तयार होता, सार्वभौमत्व नव्हे. हॅमर डिरोबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्वतःचे राज्य हवे होते.

२०/
ते मिळाले ३१ जानेवारी १९६८ रोजी. तारीख त्यांनी निवडून घेतली: बावीस वर्षांपूर्वी ७३७ माणसे घरी परतली तोच दिवस. खाणींची यंत्रसामग्री मात्र विकत घ्यावी लागली, २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून. १९७० मध्ये उद्योग पूर्णपणे नौरूच्या हाती आला.

२१/
आता ते क्रियापद. उधळली.

१९७० नंतर पैसा खरोखर अफाट आला. मेलबर्नमध्ये ५२ मजली ‘नौरू हाउस’ उभे राहिले. देशाची स्वतःची विमानसेवा होती. १९९३ मध्ये लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकात नौरूने लंडनला पैसा ओतला आणि ते कोसळले. भारताशीही एक धागा आहे: ओडिशातील पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नौरू यांच्या भागीदारीतून सुरू झाली, नौरू त्यातून १९९३ मध्ये बाहेर पडला. राज्यकर्त्यांची बेपर्वाई, सल्लागारांचे हात धुऊन घेणे, सारे झाले. तिने यातले काही पुसले नाही.

२२/
तिला खटकले ते वेगळे. संगीत नाटक प्रत्येक लेखात असते, कारण ते विनोदी आहे. चौकशी आयोगाचा अहवाल क्वचितच असतो, कारण तो कंटाळवाणा आहे. १९८६ मध्ये नौरूने एक आयोग नेमला. अध्यक्ष श्रीलंकेचे विधिज्ञ सी. जी. वीरमंत्री. प्रश्न असा: स्वातंत्र्यापूर्वी जी जमीन, म्हणजे फॉस्फेटच्या जमिनीपैकी सुमारे एक तृतीयांश, खणून टाकली, ती पुन्हा राहण्याजोगी करण्याची जबाबदारी कोणाची? अहवाल १९८८ मध्ये आला. १९ मे १९८९ रोजी नौरूने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा लावला.

२३/
ऑस्ट्रेलियाचे म्हणणे होते की ब्रिटन आणि न्यूझीलंड सामील नसताना हा दावा चालू शकत नाही. २६ जून १९९२ रोजी न्यायालयाने नऊ विरुद्ध चार मतांनी तो चालवता येईल असे ठरवले. (वीरमंत्री एव्हाना त्याच न्यायालयावर न्यायाधीश होते, पण या प्रकरणात बसले नाहीत.) मुख्य सुनावणीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये तडजोड झाली: १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, काही एकदम, काही वीस वर्षांत. जबाबदारी मान्य न करता.

२४/
हे वाचून तिचा तोल गेला. तिने ‘उधळली’ काढून तिथे ‘लुटली’ लिहिले, आणि कर्त्याच्या जागी तीन सरकारे बसवली.

दुसऱ्याच दिवशी एका जुन्या सदस्याने ते परतवले आणि चर्चा पानावर लिहिले: ज्ञानकोश निवाडा देत नाही, ‘लुटली’ला संदर्भ हवा. तिने लांबलचक उत्तर लिहिले. त्यांनी शांतपणे विचारले, मग ‘उधळली’ला तरी कोणता संदर्भ होता? तो शब्दही तुमचाच.

२५/
वाद चार दिवस चालला. सदस्य तिच्या वडिलांच्या वयाचे असावेत, ‘ताई’ म्हणत आणि हटत नसत. शेवटी दोन्ही क्रियापदे गेली. पानावर आज जे आहे ते असे: ‘१९२० ते १९६७ या काळात तीन सरकारांनी फॉस्फेट जागतिक बाजारभावापेक्षा कमी दराने नेले. स्वातंत्र्यानंतरचे उत्पन्न नौरूच्या सरकारने तोट्याच्या गुंतवणुकींत आणि प्रशासनखर्चात घालवले. खणलेल्या जमिनीचे पुनर्वसन दोन्ही काळांत झाले नाही.’ वाक्ये कोरडी आहेत. कोणी लाल रेघ ओढेल असे त्यांत काही नाही.

२६/
नौरूवासीयांचे स्वतःचे शब्द मात्र अजून हवे होते. ते एका पुस्तकात सापडले. टिमोथी डेट्युडामो हे नौरूचे मुख्य सरदार आणि ट्रुकवरच्या लोकांचेही पुढारी. १९३८ मध्ये त्यांनी बेटावरच्या जाणत्यांकडून कथा, चालीरीती, कुळांच्या परंपरा गोळा करून लिहवल्या. ते बाड युद्धातून वाचले आणि पुस्तकरूपात आले २००८ मध्ये. सत्तर वर्षे तोच मजकूर ज्ञानकोशाच्या नियमाने ‘अप्रकाशित’ होता, म्हणजे असून नसल्यासारखा. छपाई झाली आणि त्या रात्रीपासून तो संदर्भ झाला.

२७/
ही अडचण नौरूपुरती नाही. २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला: ज्या गोष्टी छापील नाहीत, त्यांच्याविषयी जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्याच संदर्भ म्हणून जोडायच्या. मलयाळम आणि हिंदी विकिपीडियावर तसे लेख लिहिले गेले. नियम बदलला नाही. वाद आजही जिवंत आहे.

२८/
तिने डेट्युडामोंच्या पुस्तकाच्या आधारे बारा कुळांवर तीन परिच्छेद लिहिले आणि ते १७९८ च्या वर बसवले. कप्तान फर्न आता पानावर बराच खाली येतो, आधीपासून माणसे असलेल्या बेटाजवळून जाताना.

२९/
झेरॉक्सच्या दुकानात जुन्या नोट्स अजून मिळतात. तिने मैत्रिणीच्या प्रतीवर पेन्सिलीने नवी वाक्ये लिहून दिली. मैत्रीण म्हणाली, एवढे मोठे कोण पाठ करणार?

मागच्या आठवड्यात माहितीचौकटीत पुन्हा यारेन आले. तिने ते काढले, आणि चर्चा पानावर तिसऱ्यांदा लिहिले की यारेन हा जिल्हा आहे.